तिसरं मॉड्यूल

धर्माजींनी पत्र्याची पेटी उघडली आणि आधी डांबरगोळ्यांचा वास आला. आत जुन्या लुगड्याच्या तुकड्यांत बांधलेली चार गाठोडी होती. गाठ सोडली की आतून पोळ्या गुंडाळायचा चांदीचा कागद चमकायचा, आणि तो उलगडला की मॉड्यूल. जाड पुस्तकाएवढं, पुढच्या बाजूला सोनेरी कडेचं एक बारीक तोंड आणि त्या तोंडावर घट्ट बसवलेलं टोपण.

तेजल त्या टोपणाकडेच बघत राहिली. ती आणि तिचा नवरा दर्पण असं एक जुनं मॉड्यूल मिळावं म्हणून महिनोन्‌महिने हिंडत होते. भंगाराच्या गोदामांत त्यांनी अशी कितीतरी पाहिली होती. तेलकट पोत्यात कोंबलेली, उंदरांनी घाण केलेली, तोंडं उघडी टाकलेली. इथे मात्र कुणीतरी टोपणंसुद्धा हरवू दिली नव्हती.

"म्हातारा ही पेटी उशाशी घेऊन झोपतो," आतून बायडी म्हणाली. धर्माजींची बायको. बोईसरच्या बाजारात मासळी विकणारी, आवाज बाजाराचाच. "येवढं मला जपलं असतं तर मी आज राणी असती."

"तुला टोपण बसत नाय ना," धर्माजी म्हणाले. "लय प्रयत्न केला मी."

तेजल हसली. दर्पणही हसला, जरा जास्तच मोठ्याने.

हे मॉड्यूल म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. जत्रेतला पाळणा इतका जोरात फिरतोय की त्यात कोण बसलंय ते दिसत नाही, असं समजा. तो थांबवता येत नाही. मग करायचं काय? डोळे मिटून उभं राहायचं आणि प्रत्येक फेरीला निमिषभरच उघडायचे. पहिल्या फेरीत एक पाय दिसेल. पुढच्या फेरीत अगदी थोडं उशिरा उघडायचे, मग गुडघा दिसेल. त्याच्या पुढच्या फेरीत हात. अशा पुष्कळ फेऱ्या झाल्या की तुकडे जोडून अख्खा माणूस दिसतो. तारेतून धावणारी वीज अशीच बघावी लागते. बघणारं मोठं यंत्र म्हणजे ऑसिलोस्कोप. त्याच्या खाचेत बसणारं हे मॉड्यूल म्हणजे त्याचा तो उघडझाप करणारा डोळा. डोळ्याइतकंच नाजूक. कोरड्या हवेत लोकरीचा स्वेटर काढताना चटचट होतं ना, तेवढी वीज आपल्याला गुदगुल्यांसारखी लागते. पण तेवढ्याने हा डोळा कायमचा फुटतो. बाहेरून काही कळत नाही. सोनेरी कड तशीच चमकत राहते.

तेजल आणि दर्पणची बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात तपासणीची प्रयोगशाळा होती. केबल आणि जोडण्या बनवणारे कारखाने त्यांच्याकडे नमुने पाठवत. गणपतीच्या सुमारास एका गिऱ्हाइकाने चालू विजेची तार भलत्या ठिकाणी लावली आणि त्यांच्या यंत्राचा डोळा गेला. नवं मॉड्यूल परवडणारं नव्हतं, शिवाय त्यांच्या यंत्राला बसणारं आता कुणी बनवतही नव्हतं. सर्वांत मोठी केबल कंपनी तेवढी थांबली होती, तीही महिनाअखेरपर्यंत. तोवर जिवंत मॉड्यूल मिळालं तर प्रयोगशाळा चालणार होती, नाहीतर गाळा सोडावा लागणार होता. एवढी सरळ गोष्ट होती.

घिवलीच्या या म्हाताऱ्याचा पत्ता दर्पणनेच काढला. धर्माजी आयुष्यभर एका कारखान्यात मापनयंत्रांच्या खात्यात होते. मुंबईकडची एक कंपनी बंद पडली तेव्हा लिलावातून त्यांनी ही चार मॉड्यूलं उचलली होती. मागच्या पावसाळ्यात वीज पडून त्यांचं स्वतःचं यंत्र जळलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. मग विकायचं ठरवलं, पण चारही एकदम आणि जिवंत मालाच्या भावाने.

"एकाहून जास्त आपल्याला काय करायचीत?" येताना गाडीत तेजल म्हणाली होती.

"चारही घेऊ," दर्पण म्हणाला होता. "माल बघितला की भाव उतरतो."

ही नेहमीची घासाघीस असेल, असं तिला वाटलं होतं.

"उद्या वैतरण्यावरून मिथुन म्हनून एक जण येतो म्हनालाय, त्येचीपन तुमच्यावानी तपासनीची लॅब हाय," धर्माजी आता सांगत होते. "पन तुमी आदी फोन केलात, मंग तुमी आदी बघा. मला पडद्यावरचं दिसत नाय. बाय, तू वाचून सांग. तू सांगशील ते मी मानीन."

गाडीतून आणलेलं यंत्र टेबलावर ठेवलं होतं. धर्माजींनी भिंतीतल्या तांब्याच्या पट्टीवर हात ठेवला. "अर्थिंग माजं सोताचं. कोळसा-मीठ घालून पुरलंय. नि तो खिळ्यावर पट्टा हाय, तो मनगटात घाला."

तो पट्टा म्हणजे अंगातली वीज जमिनीत सोडायची युक्ती. एक टोक मनगटात बांधायचं आणि दुसऱ्या टोकाचा चिमटा तांब्याच्या पट्टीला लावायचा. दर्पणने पट्टा मनगटात अडकवला. मॉड्यूल खाचेत बसवलं, यंत्र सुरू केलं. आपल्या पिशवीतून त्याने थर्माकोलचा एक खोका काढला आणि मांडीवर घेतला. "जाताना यात नीट घालून नेऊ," तो म्हणाला.

तेजलला जरा नवल वाटलं. अशा वस्तू थर्माकोलच्या आसपासही ठेवत नाहीत, हे तिला दर्पणनेच शिकवलं होतं. लग्नाआधी दोघं एकाच कारखान्यात होते, तेव्हा. भिंगाखाली केसाएवढी तार जोडताना त्याची बोटं जराही हलायची नाहीत. खरं सांगायचं तर ती त्या बोटांवरच भाळली होती.

पडद्यावर रेघ आली. मधोमध, बारीक, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखी हलकेच थरथरणारी. तेजलचा जीव भांड्यात पडला. ही थरथर म्हणजेच जिवंतपणाची खूण. मेलेल्या मॉड्यूलला थरथर नसते.

"काका, हे तर—"

"थांब, अजून गरम व्हायचंय," दर्पण म्हणाला. "आधी केबल लावू दे."

त्याने टोपण काढून एक तोकडी केबल मॉड्यूलच्या तोंडाला फिरवून बसवली. तिचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं, मधली टाचणीसारखी पिन उघडी. पडद्यावरची रेघ एकदम वर उडाली आणि पार वरच्या कडेला जाऊन चिकटली. तिथेच राहिली. सपाट.

तेजलने सगळी बटणं फिरवून पाहिली. रेघ खाली येईना.

"काय झालं?" धर्माजींनी विचारलं.

"काका... हे गेलंय."

"गेलं?" ते पुढे वाकले. "आदल्या वर्सीच्या दिवाळीला मी सोता लावलं व्हतं. चांगलं व्हतं."

"होतं असं, काका," दर्पण म्हणाला. "ठेवून ठेवून जातात."

अपघात, तेजलने स्वतःला सांगितलं. सकाळी गाडीच्या दाराला हात लावताना तिलाही चटका बसला होता. पौषातला डोंगराकडचा कोरडा वारा. पण मग पट्टा कशाला असतो?

दुसरं मॉड्यूल बसवलं. पुन्हा तीच जिवंत रेघ. या वेळी तेजलने पडद्याकडे बघितलंच नाही. तिने दर्पणच्या हाताकडे बघितलं.

त्याचा डावा हात खोक्यात होता. बोटं थर्माकोलचा कोपरा कुस्करत होती, हलकेच, गप्पा मारता मारता शेंगा सोलाव्यात तशी. पांढरे मणी त्याच्या नायलॉनच्या जाकिटाच्या बाहीवर चढले होते. खाली पडत नव्हते. काही मनगटावर, काही बोटांच्या पेरांवर, अळ्यांसारखे. मनगटात पट्टा होता, पण पट्ट्याची तार जाकिटाच्या खिशात गेली होती. चिमटा खिशातच होता.

मग त्याने तो हात बाहेर काढला आणि तर्जनी केबलच्या उघड्या पिनेला लावली. घाईत नव्हे, चुकूनही नव्हे. देवाला गंध लावावं तशी, अलगद.

टिक्, एवढाच आवाज झाला.

"काय गं?" पडद्याकडे न बघताच त्याने विचारलं. "हेपण गेलेलंच का?"

ज्याने पडदा पाहिला नाही त्याला काय झालंय ते आधीच माहीत होतं.

"तेजल, काका विचारतायत."

"हो," ती म्हणाली. "हेही गेलंय."

हे खरंच होतं. ते आता मेलेलंच होतं. ती खरं वाचत होती, आणि तिच्या खऱ्या वाचण्यावरच तो सगळा खेळ उभा होता. याच्यासाठीच त्याने तिला बरोबर आणलं होतं. म्हातारा त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही, तिच्यावर ठेवील, हे त्याला ठाऊक होतं.

तिसरं मॉड्यूल खाचेत गेलं. रेघ आली, थरथरली. आता बोलायचं होतं. "दर्पण, चिमटा लाव," एवढे तीन शब्द. तेवढ्याने पुरलं असतं.

तिने तोंड उघडलं नाही. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला विचारत राहिली, का नाही? नवऱ्याची भीती नव्हती. बोलून चारचौघांत लाज जाईल, हेही फारसं नव्हतं. खरी गोष्ट अशी की त्या क्षणी तिच्या डोक्यात एक किळसवाणा शहाणा विचार येऊन बसला होता. दोन तर गेलीच. तिसरंही गेलं तर म्हातारा चौथंही भंगाराच्या भावाने देईल. एक जिवंत आपल्याला मिळेल. गाळा वाचेल.

टिक्.

"हेही नाही," तिने वाचलं. आवाज अगदी नेहमीचा, प्रयोगशाळेत आकडे सांगायचा.

बायडी गवती चहा घातलेला चहा घेऊन आली. धर्माजींनी कप घेतला नाही. ते गुडघ्यावर हात ठेवून बसले होते, परीक्षेत नापास झालेल्या मुलासारखे. आपण नेमकं कुठे चुकलो हेच त्यांना समजत नव्हतं.

"बाय," ते म्हणाले, "मी पेटीत डांबरगोळ्या घातल्या. झुरळं लागू नयेत म्हनून. त्येच्या वाफेनं जातात काय गं ही?"

तेजल उत्तर देणार, तेवढ्यात दर्पण बोलला. "जाऊ शकतात ना, काका. केमिकलच ते. सोन्याच्या मुलाम्याला खातं. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं बघा, पण आपल्याकडे वाचतो कोण?" आणि त्याने मायेने म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. पांढरे मणी त्या हातावर अजून होते. "मनाला लावून घेऊ नका. चुका सगळ्यांकडून होतात."

तीन डोळे फोडले, ती एक गोष्ट झाली. पण त्या माणसाला त्याने एक खोटी गोष्ट शिकवली होती. आता म्हातारा मरेपर्यंत ती गोष्ट खरी मानणार होता. उद्या दुसऱ्या कुणाला सांगणार होता, बाबांनो, डांबरगोळ्या घालू नका, माझी तीन मॉड्यूलं गेली. आपल्या हाताने आपण नाश केला, असं म्हणत रात्री कूस बदलणार होता. चोरी केलेली वस्तू निदान परत तरी करता येते.

"चौथं बघू," दर्पण म्हणाला.

आणि मग त्याने जे केलं ते बघताना तिला त्याच्याकडे बघवेना. त्याने खोका पायाने दूर सारला. हात झटकले, बाहीवरचे मणी एकेक करून टिपले. खिशातून चिमटा काढला आणि तांब्याच्या पट्टीला लावला. पट्टीला तळवा टेकून घटकाभर थांबला. केबलची पिन आधी पट्टीला टेकवली आणि मगच केबल मॉड्यूलला लावली. सगळं अगदी नियमाने. तिला शिकवलं होतं तसंच. ती स्थिर, देखणी बोटं.

रेघ आली. तेजलने चाचणीचा संकेत सोडला. पडद्यावर एक पायरी उमटली, स्वच्छ, काटकोनात उठलेली, वरच्या कडेला एकही ओरखडा नसलेली. गणपतीपासून तिने अशी पायरी पाहिली नव्हती. त्यांच्या प्रयोगशाळेचं सगळं भविष्य त्या पायरीत होतं.

"हे पण जरा कमजोरच दिसतंय, नाही गं?" दर्पणने विचारलं, आणि म्हाताऱ्याला दिसणार नाही अशा बेताने भुवई उचलली.

"नाही," तेजल म्हणाली. "हे जिवंत आहे. उत्तम आहे." आणि मग थांबणं शक्यच नव्हतं. "काका, ती तिन्हीही जिवंत होती. डांबरगोळ्यांनी काही झालेलं नाही. ह्याने पट्ट्याचा चिमटा खिशात ठेवला, थर्माकोलवर हात घासला आणि पिनेला बोट लावलं. आत्ता. तुमच्यासमोर."



"तेजल, काय बोलतेस तू?" दर्पण हसायचा प्रयत्न करत म्हणाला. "काका, तिला बरं नाहीये सकाळपासून—"

"गप ऱ्हा तू!" बायडी ओरडली. चहाचं ताट तिने खाली आदळलं. "मला तुमची ही यंत्रं कळत नाय. पन गिऱ्हाईक कळतं! ताजा बोंबील उचलायचा, अंगठ्यानं दाब दाब दाबायचा, त्येचा पार चिखल करायचा, नि मंग नाक मुरडायचं — मावशी, शिळा हाय गं, अर्ध्यात दे! असली रोज धा येतात माज्याकडं. पन ती उन्हात हुभी राहून करतात रं. तू माज्या घरात बसून केलंस, नि वर माज्या हातचा चहा प्यालास!" तिने त्याच्यापुढचा अर्धा कप उचलला आणि उरलेला चहा दाराबाहेर वाळूत भिरकावला.

धर्माजी उठले. त्यांनी दर्पणकडे पाहिलंच नाही. चाचपडत तेजलपाशी आले.

"बाय, तुला कदीपासून कळलं व्हतं?"

खोटं सांगायला जागा होती. आत्ताच कळलं, असं म्हटलं असतं तर म्हाताऱ्याने मानलं असतं.

"दुसऱ्यापासून," ती म्हणाली.

धर्माजींनी मान हलवली. जणू वर्गातल्या मुलाने बरोबर उत्तर दिलं, आणि ते उत्तर ऐकूनच वाईट वाटलं.

"म्हंजे दोन त्येची," ते म्हणाले. "तिसरं तुजं."

"काका, झालं गेलं जाऊ द्या," दर्पण घाईघाईने म्हणाला. "लागलं तर कर्ज काढून, पण चारही मॉड्यूलांचा तुम्ही म्हणाल तो भाव देतो. जिवंताचा. वर आणखी देतो. बोला तुम्ही."

"नाय."

"काका, व्यवहार बघा. मिथुन तुम्हाला याच्या अर्धेही देणार नाही."

"नाय दिले तर नाय," बायडी म्हणाली. "त्येला फुकट दीन. तुजं यंत्र उचल नि वाट धर. नि तो तुजा पांढरा कचरा पन घेऊन जा, नायतर माज्या कोंबड्या खातील."

परतीच्या वाटेवर दर्पण बोलतच होता. आधी रागाने, मग समजावणीने. "तुला काय वाटतं, बाकीचे काय करतात? सगळे हेच करतात. त्या म्हाताऱ्याला ती वापरायची होती का? पेटीतच कुजवणार होता. एक आपल्याकडे आलं असतं तर कामाला तरी लागलं असतं." तारापूर मागे पडलं. कारखान्यांच्या हद्दीत शिरताच उघड्या गटाराचा वास गाडीत घुसला, सडक्या अंड्यांसारखा. पाणी कुठल्याशा रंगाचं होतं, लाल म्हणावं तर लाल नव्हे. हा वास रोजचाच. दर्पणने काच वर केली, त्याला अजून वास येतो एवढंच तिला बरं वाटलं.

"तू त्यांना डांबरगोळ्या सांगितल्यास," ती म्हणाली.

"मग काय सांगायला हवं होतं?"

पुढच्या वळणावर त्याने दातात अडकलेलं काहीतरी काढायला तर्जनी तोंडात घातली. तेजलने दार उघडायच्या आत तिला उलटी झाली.

दर्पणने लगेच गाडी बाजूला घेतली. धावत तिच्या बाजूला आला, पाण्याची बाटली उघडून पुढे केली. "अगं, मी म्हणत होतो ना, तुला बरं नाहीये. पाणी घे. हळू." आवाजात खरी काळजी होती. तो वाईट नवरा कधीच नव्हता. हेच तिला सर्वांत सोसेना. बाटली त्याच्या हातातून घ्यावी लागू नये म्हणून ती गटाराच्या काठाने पुढे चालत गेली आणि एका पानटपरीवर स्वतःच्या पैशांनी पाणी मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटी एसटीने घिवलीला गेली. जाण्याआधी बँकेतून मॉड्यूलसाठी बाजूला काढलेले पैसे घेतले. एका जिवंत मॉड्यूलचा धर्माजींनी सांगितलेला भाव होता तेवढे. त्यातून फारसं काही उरलं नाही.

धर्माजी पडवीत बसून जाळं विणत होते. दिसत नव्हतं, पण बोटांना सवय होती. बायडी बाजारात गेली होती.

"चौथ्यासाठी आली असशील तर ते गेलं," ते तिच्या पावलांवरून ओळखून म्हणाले. "सकाळच्या गाडीनं मिथुन येऊन घेऊन गेला."

"मी तिसऱ्यासाठी आलेय."

"ते मेलंय."

"माहीत आहे. जिवंताच्या भावाने घेईन. माझं आहे ना ते?"

धर्माजींचे हात थांबले. ते नको म्हणतील, राहू दे बाय म्हणतील, असं तिला वाटलं नव्हतं असं नाही. वाटलं होतं. बसमध्ये बसून तिने त्याचं उत्तरही तयार केलं होतं. पण ते तसं काही म्हणाले नाहीत. आत गेले, पेटी घेऊन आले. तिन्ही गाठोडी चाचपून त्यांनी नेमकं तिसरं उचललं. त्यांना ते कसं ओळखू आलं, कोण जाणे. टोपण घट्ट आहे ना ते अंगठ्याने पाहिलं, चांदीच्या कागदात गुंडाळलं, वरून लुगड्याचा तुकडा बांधला. मेलेल्या वस्तूला बांधावं तसं नव्हे, जिवंत वस्तूला बांधावं तसं. मग पैसे घेतले, डोळ्यांजवळ धरून बघितले आणि बंडीच्या खिशात ठेवले.

"काका," ती म्हणाली, "डांबरगोळ्यांचं काल तुम्हाला पटलं ना? की त्यांनी काही होत नाही?"

"पटलं."

"तुमचं काही चुकलं नव्हतं."

"चुकलं," धर्माजी म्हणाले. "पट्टा मी दिला, पन चिमटा लागला की नाय, ते हात लावून बघाया पायजे व्हतं. दिसत नाय म्हनून काय झालं?" ते पुन्हा जाळं घेऊन बसले. "माठात पानी हाय. पिऊन जा."

ती पाणी प्याली आणि निघाली. पुन्हा ये, असं ते म्हणाले नाहीत.

गाळ्यात दर्पण यंत्र उघडून बसला होता. तिच्या हातातलं गाठोडं बघून तो उठलाच. "दिलं? म्हाताऱ्याने चौथं दिलं? मी म्हटलं नव्हतं, एक रात्र गेली की—"

"तिसरं आहे."

त्याला समजायला क्षणभर लागलं. "मेलेलं? आणि पैसे?"

"दिले."

"सगळे?" तो तिच्याकडे बघत राहिला. "अगं, वेड लागलंय का तुला? महिनाअखेर आली! आता काय लावणार आहोत आपण यंत्रात? हा मेलेला डोळा?" मग त्याने स्वतःला सावरलं. तो हुशार होता, वाया काही जाऊ द्यायचा नाही. "बरं, आण. आतली सोन्याची जोडणी चांगली असेल. खोलून बघतो काय काढता येतं." आणि त्याने हात पुढे केला.

"हात लावायचा नाही," तेजल म्हणाली.

"अगं, मेलंय ते! आता त्याला काय होणार आहे?"

"हात लावायचा नाही, दर्पण."

तिने गाठोडं आपल्या बाजूच्या खणात ठेवलं, खणाला कुलूप घातलं आणि केबल कंपनीला फोन लावला. तिकडून नेहमीचे साहेब बोलत होते. तिने त्यांना सांगितलं की आमच्याकडे जिवंत मॉड्यूल नाही, मिळण्याची आशाही नाही, नमुने दुसरीकडे पाठवा. त्यांनी विचारलं, दुसरीकडे म्हणजे कुठे? तेव्हा तिने त्यांना वैतरण्याच्या मिथुनचं नाव सांगितलं.